घोड्याची राखण

यंदाच्या हिवाळ्यात आमच्या वस्तीवर दोन पाहुणे मुक्कामाला आले. एक उसातला वाघ आणि दुसरी आमच्या ह्यांची दुर्बीण. दोघांनाही अंधार लागायचा. दोघंही रात्र पडली की बाहेर यायचे आणि दोघांपायी माझी झोप उडालेली होती. फरक एवढाच, की वाघाच्या नावानं मी मोकळेपणानं बोटं मोडू शकत होते.

आमची वस्ती सोनईच्या अलीकडे, डांबरी रस्त्यापासून बरीच आत. घरं दोनच, एक आमचं आणि एक पुंजाराम नानांचं. मध्ये आमची कांद्याची चाळ, तिच्या पलीकडे नानांचा गोठा, आणि तिन्ही बाजूंनी ऊस. बिबट्याला आमच्याकडे वाघच म्हणतात. दिवाळीनंतर शेजारच्या गावात त्यानं गवत कापणाऱ्या एका बाईला धरलं. बाई वाचली, पण तेव्हापासून अंधार पडला की सगळ्या वस्त्यांवर कड्या लागू लागल्या. वनरक्षक येऊन चार गोष्टी समजावून गेला. वाकलेलं किंवा बसलेलं माणूस त्याला शेळीएवढंच दिसतं, म्हणून रात्री उघड्यावर बसू नका. बाहेर जायचंच तर भांडी वाजवत जा. पाऊल उमटलेलं दिसलं तर त्यावर घमेलं पालथं घालून आम्हाला कळवा. कुत्र्याच्या पावलात नखं उमटतात, ह्याच्या उमटत नाहीत.

मग आम्ही दोन्ही घरांनी मिळून नानांच्या गोठ्याच्या खांबावर एक मोठा फोकस बसवला. त्याचा पांढरा उजेड आमच्या चाळीच्या मागच्या अंगालाही पडायचा. त्या उजेडात मला महिनाभरात पहिल्यांदा सलग झोप लागली. आणि नेमकी चाळीच्या मागची तीच जागा ह्यांनी दुर्बिणीसाठी पसंत केलेली होती, कारण चाळीमुळे तिथे रस्त्याचे दिवे अडतात.

आमचे हे, म्हणजे वाल्मिकराव, कारखान्याच्या प्रयोगशाळेत उसाच्या रसाची गोडी मोजतात. दिवसभर नळकांडीत डोळा घालून बसणारा माणूस घरी आल्यावरही नळकांडंच धरतो, हे माझं नशीब. चंद्र, शनी वगैरे बघून झाल्यावर ह्यांना तेजोमेघांचा नाद लागला. ताऱ्यांच्या मध्ये धुरळ्याचे आणि वायूचे मोठमोठे ढग असतात. डोळ्यांना ते दिसत नाहीत, पण दुर्बिणीला कॅमेरा लावून पाच-पाच मिनिटांचे खूप फोटो काढले आणि ते संगणकावर एकावर एक रचले, की ढग हळूहळू वर येतो. मृग नक्षत्रातल्या तीन ताऱ्यांजवळ, ज्यांना आमच्याकडे तिकांड म्हणतात, असाच एक काळा ढग आहे, घोड्याच्या मानेसारखा. ह्यांना तो हवा होता. गळिताचा हंगाम, पाळ्या, धुकं आणि चांदणं ह्यांतून ज्या काही काळ्याभोर रात्री हाती लागतील, त्या ह्या घोड्याच्या.

फोकस बसायच्या आधी मिळालेल्या पहिल्या दोन रात्रींचा फोटो ह्यांनी नानांना मोबाईलवर दाखवला. नानांच्या वडिलांची एकेकाळी घोडी होती, त्यामुळे घोड्याच्या बाबतीत नानांचं मत म्हणजे शेवटचं. त्यांनी मोबाईल लांब धरला, जवळ आणला, तिरका केला.

"तिकांडाखाली घोडं हाय म्हंतो, पन थोबाड कुटं हाय ह्येचं? ह्यो तर आंगठा दिसतोय."

"थोबाड यायला अजून रात्री लागतील, नाना. जितके जास्त फोटो, तितकं नीट दिसणार."

तेव्हापासून नाना सकाळी दुधाची किटली द्यायला आले की आधी विचारायचे, "थोबाड आलं का?" मला त्या दोघांची गंमत वाटायची आणि रागही यायचा. वाघ उसात बसलाय आणि ह्यांना आभाळातल्या घोड्याच्या थोबाडाची पडलीय.

पौषातली अमावस्या जवळ आली तेव्हा हे नानांच्या ओट्यावर जाऊन बसले. मी बरोबर होते. हे काय मागणार ते मला ठाऊक होतं आणि मी वाटेतच सांगितलं होतं की मागू नका. पण दुर्बिणीच्या बाबतीत ह्यांना माझं बोलणं ऐकू येत नाही.

"काकू, चारच रात्री फोकस बंद ठेवाल का? जेवणं झाली की बंद करायचा. माझं काम संपलं की मी फोन करतो, मग लावा."

झुंबरकाकू लसूण सोलत होत्या. त्यांचे हात थांबले. "आवसेच्या तोंडावर दिवा मालवायचा? वाल्मिक, तू काय मागतो त्ये कळतंय का तुला?"

"मागतोय तर देऊ," नाना म्हणाले. "शेरडं आत हायती, दाराला कडी हाय. आपन रातीचं कुटं जातो बाहीर?"

"पानी धरायला कोन जातं मग?"

"ह्या आठवड्यात लाईट दिवसाची हाय. तू उगी घोर करू नको."

काकूंनी माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. नवऱ्याच्या बाजूनंही बोलवेना आणि चारचौघांत विरुद्धही बोलवेना, अशा वेळी मी नेहमी तेच करते.

नानांनी मग बारीकसारीक चौकशी केली. उजेडानं नेमकं काय होतं? ह्यांनी समजावलं की कॅमेरा पाच मिनिटं डोळा उघडा ठेवून बसतो, त्यात जरा उजेड शिरला की तो फोटो गेला. बॅटरी नको, विडी नको, मोबाईलसुद्धा नको. आणि जवळून कुणी चाललं तरी जमीन हलते, तारे लांबट होतात. नाना एखादं औषध कसं घ्यायचं ते ऐकावं तसं ऐकत होते.

त्या चारांपैकी पहिल्या दोन रात्री बऱ्या गेल्या. हे अंधार पडायच्या आत दुर्बीण लावून घरात यायचे, कारण बाहेर बसू देणार नाही ही माझी अट होती. लोखंडी जाळी लावायची, खिडक्यांना आतून गोधड्या टांगायच्या आणि लॅपटॉपसमोर बसायचं. दुर्बीण एक तारा धरून ठेवते आणि आभाळ सरकेल तशी त्याच्यामागे सरकते. ती नीट धरून आहे की नाही हे दाखवणाऱ्या दोन रेघा पडद्यावर चालत असतात, एक लाल, एक निळी. सगळं ठीक असलं की त्या मधोमध आडव्या चालतात, मुंग्यांच्या रांगेसारख्या. बाहेर मांजर जरी गेलं तरी कळतं, असं हे कौतुकानं म्हणाले. मला ते ऐकून काटा आला, कारण मांजराच्या जातीचंच एक बाहेर फिरत होतं.

तिसरा दिवस अमावस्येचा. दुपारीच कारखान्यातून फोन आला. रात्रपाळीचा माणूस तापानं पडला होता, ह्यांना जायचं होतं. मला वाटलं, सुटले आजच्यापुरती. पण दिवस मावळताना पाहते तर हे चाळीच्या मागे दुर्बीण उभी करतायत.

"तुम्ही नसणार, मग हे कशाला?"

"सगळं आपोआप चालतं गं. इतकं स्वच्छ आभाळ पुन्हा मिळायचं नाही. तू फक्त रेघा बघ. आणि काही झालं तरी दिवा लावू नकोस, नाहीतर सगळी रात्र वाया जाईल."

"काही झालं तरी?"

"म्हणजे उगाच गं," हे म्हणाले आणि गाडीला किक मारली. जाताना गोठ्यापाशी थांबून नानांशी काहीतरी बोलले. हात हलवून दुर्बिणीकडे दाखवलं, खिशातला मोबाईल काढून त्यावर तळवा झाकून दाखवला. नानांनी मान डोलावली. गाडीचा आवाज रस्त्याला लागला आणि संपला. थोड्या वेळानं फोकस विझला.

घरात मी एकटी. लेक निकिता शिकायला श्रीरामपूरला, वसतिगृहात. मी जाळीला कुलूप लावलं, गोधड्या पुन्हा नीट खोचल्या आणि लॅपटॉपसमोर बसले. बाहेर काय चाललंय हे कळायला माझ्याकडे त्या दोन रेघांशिवाय काही नव्हतं. दूर कुठेतरी मोटर सुरू झाल्याचा घुंऽ आवाज येऊ लागला, तेव्हा लक्षात आलं की शेतीची लाईट आजपासून रात्रीची झाली. मला जरा बरंच वाटलं, आवाजाची सोबत झाली. त्या लाईटचा आणखी काही अर्थ होतो हे माझ्या डोक्यात आलं नाही.

फोटो येत होते. एकेक नवा आला की मी तारे गोल आहेत ना ते बघायची. खरं सांगायचं तर मला ते आवडू लागलं होतं, पण हे ह्यांना कळू द्यायचं नव्हतं.

आणि रेघा उडाल्या. लाल वर गेली, निळी खाली आली. पुन्हा मध्ये, पुन्हा वर. ठोका, थोडी फट, ठोका, थोडी फट. कुणीतरी चालत होतं. ठोके मोठे होत गेले, म्हणजे ते जवळ येत होतं. मग एकदम थांबलं. रेघा थोड्या डुलल्या आणि पुन्हा मधोमध चालायला लागल्या.

मी ह्यांना फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा हे ओरडूनच बोलले, मागे गिरणीचा धडधडाट.

"काय झालं?"

"बाहेर कुणीतरी आलंय. रेघा उडाल्या."

"आता कशा आहेत?"

"आता सरळ आहेत, पण..."

"मग वारा असेल. नाहीतर कुत्रं. घाबरू नकोस, आणि दिवा लावू नकोस."

फोन ठेवला. मला इतका राग आला की भीती घटकाभर मागे हटली. वारा कधी पावलं टाकतो का? मी खिडकीपाशी जाऊन गोधडीच्या फटीतून बघितलं. काळ्या पाटीसारखा अंधार. "कोण आहे?" असं विचारायला तोंड उघडलं, पण जो आवाज निघाला तो मलाच नीट ऐकू आला नाही. मोटर चालूच होती.

किती वेळ गेला कोण जाणे. रेघा शहाण्यासारख्या चालत होत्या. मी स्वतःला समजावलं की कुत्रंच असेल, आलं आणि गेलं. पण आलेलं दिसलं होतं, गेलेलं दिसलं नव्हतं. ते मनातून हलेना. जे काही आलं ते अजून तिथेच होतं, दुर्बिणीजवळ, गप्प.

तेवढ्यात फोन वाजला आणि मी दचकून उभीच राहिले. झुंबरकाकू होत्या.

"सत्यशीला, नाना तुमच्याकडं आलेत का गं?"

"नाही काकू. का?"

"जेवून उठले आन म्हनले, लाईट आली, मोटर चालू करून येतो. तवाचे गेलेत. मोटर तर चालू हाय, पन मानूस न्हाई आला. फोन लावतीया तर बंद येतोय. त्यांचा फोन कंदी बंद नस्तो गं."

माझं लक्ष पडद्याकडे गेलं. ते ठोके. जवळ आलेले आणि थांबलेले. नाना अंधारात, बॅटरीशिवाय, कारण बॅटरी लावायची नाही असं आम्हीच सांगितलेलं. आणि त्यांच्या वाटेवर ते.

"काकू, फोकस लावा. आत्ताच्या आत्ता."

"कळ गोठ्यात हाय. बाहीर जावं लागंल." त्यांचा आवाज फाटला. "नाना म्हनून गेल्ते, मी येस्तवर कडी काढू नको."

मी काही बोलणार तोच रेघा पुन्हा हलल्या. मघासारख्या नाही. मघाचे ठोके मोठे होते, सरळ होते. हे बारीक. एक हेलकावा, मग कितीतरी वेळ काही नाही, मग दुसरा. जे चालत होतं ते थांबून थांबून चालत होतं. मी फोन कानाला तसाच धरून बघत राहिले. काकू "आगं बोल की" म्हणत होत्या. मग दोन्ही रेघा एकदम पडद्याच्या बाहेर गेल्या, जसं काही कुणी दुर्बिणीला धक्काच दिला. आणि परत आल्या. थरथरल्या. दोन बारीक हेलकावे आणखी, आणि मग सगळं सरळ.

मला अजूनही कळत नाही की मी तेव्हा लगेच का उठले नाही. "दिवा लावू नकोस" हे शब्द डोक्यात होते म्हणून, की पाय उचलत नव्हते म्हणून. पण रेघा पुन्हा सरळ चालायला लागल्या तेव्हा मला ह्यांच्या घोड्याचा, त्याच्या थोबाडाचा आणि आभाळातल्या समस्त धुरळ्याचा असा काही संताप आला, की मी लॅपटॉपचं झाकण आपटून बंद केलं.

"काकू, मी निघते. तुम्ही पण निघा. तुम्ही गोठ्याची कळ लावा, मी चाळीमागे बघते. ताट घ्या आणि वाजवत राहा, म्हणजे तुम्ही आहात हे मला कळेल."

"तू बी वाजव," काकू म्हणाल्या. "थांबू नको, बाई."

मी स्टीलचं ताट घेतलं, लाटणं घेतलं, बॅटरी काखेत धरली. अंगणातला दिवा लावला. कुलूप उघडताना किल्ली दोनदा खाली पडली. जाळी सरकवून मी बाहेर पाय टाकला आणि जीव खाऊन ताट बडवायला लागले. तिकडून, अंधाराच्या पलीकडून, काकूंचं ताट सुरू झालं. त्यांचा ठोका जलद होता, मध्येच चुकत होता. तो चुकला की माझ्या छातीत धस्स व्हायचं, पुन्हा आला की मी एक पाऊल टाकायची.

अंगणातल्या दिव्याचा उजेड चाळीच्या तोंडापर्यंतच होता. पुढे चाळीची लांब भिंत आणि तिच्या कडेनं चिखल, कारण नानांच्या वाफ्यातलं पाणी फुटून इकडे आलेलं. चप्पल रुतत होती. उसाची पानं सळसळत होती आणि प्रत्येक सळसळीला मी ताट अजून जोरात वाजवत होते. नाना, नाना, असं ओरडतही होते बहुतेक. कोपऱ्यावर आले आणि माझ्यानं पुढे जाववेना. वळलं की काय दिसेल ते मी आधीच दहा प्रकारांनी बघून चुकले होते.

खट्ट आवाज झाला आणि फोकस लागला. सगळी जागा दिवसासारखी उजळली. मी कोपरा वळले.

चाळीच्या भिंतीला पाठ लावून, पोत्यावर, नाना बसले होते. डोक्यावरून घोंगडी, मांडीवर आडवी काठी. त्यांच्यापासून दोन हातांवर दुर्बीण, आभाळाकडे बघत असलेली. नानांनी घोंगडी मागे सारली आणि उजेडानं डोळे बारीक केले.

"आगं सूनबाई, उजेड कशाला केला? घोडं नासलं की."

मी तिथेच मटकन बसणार होते, पण वनरक्षकाचं बोलणं आठवलं आणि उभी राहिले. "नाना, तुम्ही इथे काय करताय?"

"राखनीला बसलोय." त्यांना प्रश्नाचंच नवल वाटलं. "वाल्मिक पाळीला गेला. एवढं मोलाचं यंत्र उघड्यावर. खळ्यावर माल पडला की त्येच्यापाशी मानूस लागतं का न्हाई? एकदा दुसऱ्याचा माल आपल्या आंगावर आला म्हंजी झोपायचं न्हाई."

"आणि फोन का बंद?"

नानांनी बंडीच्या आतल्या खिशातून फडक्यात गुंडाळलेला मोबाईल काढला. "वाजला की उजेड पडतो त्येचा. वाल्मिकनं सांगितलं हुतं न्हवं, मोबाईल बी नको."

झुंबरकाकू ताट वाजवत, धापा टाकत पोचल्या. नवऱ्याला धडधाकट बघून त्या आधी रडल्या आणि मग त्यांनी नानांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. नाना ऐकत होते आणि पोत्यावरचा चिखल झटकत होते. आम्ही तिघं एकमेकांना खेटून, ताटं वाजवत, त्यांच्या घरापर्यंत गेलो. दारात मी नानांना उगाच विचारलं, विचारायचं म्हणून, की थंडीनं फेऱ्या मारत होतात का तिथे?

"छ्या. आलो तसा बसलो. चाललं की तारं हालत्यात, म्हनला हुता त्यो. मी हललो बी न्हाई. खोकला आला तर घोंगडीचा बोळा कोंबला तोंडात."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. पहिले ठोके नानांचे होते, ते आले आणि बसले. मग दुसरे कुणाचे? काकू कडी लावत होत्या. त्या रात्री मी माझ्या घरी परत गेलेच नाही, काकूंच्या शेजारी पडून राहिले आणि फोकस पहाटेपर्यंत चालू होता.

हे सकाळी आले. मी सगळं सांगितलं, आधी शांतपणे आणि मग अजिबात शांतपणे नाही. हे तडक चाळीमागे गेले. मीही गेले. चिखल आता आळला होता आणि त्यावर सगळं उमटलेलं होतं. नानांच्या वहाणांचे ठसे बांधाकडून पोत्यापर्यंत आलेले, आणि तिथून आम्हा तिघांचे एकत्र परत गेलेले. उसाच्या कडेनं दुसरी पावलं आलेली, गोल, गादीसारखी. ती दुर्बिणीभोवती अर्धा वळसा घालून गेली होती. तिवईच्या एका पायाशी चिखल घासला होता आणि दुर्बिणीच्या बॅटरीची वायर ओढली गेली होती. तिथून ती पावलं पोत्याच्या आणि दुर्बिणीच्या मधल्या दोन हातांतून गेली होती, आणि पुढे उसात.

हे खाली वाकले आणि नखं शोधायला लागले. एकेका पावलात बघत होते, बोटानं कडा चाचपत होते. नखं नव्हती. ह्यांचा चेहरा पांढरा पडला होता. हे उठले, घमेलं आणलं आणि सगळ्यात स्वच्छ उमटलेल्या पावलावर पालथं घातलं. मग वनरक्षकाला फोन केला. तो म्हणाला येतो, आणि सगळं ऐकून एवढंच बोलला, की वाघ नानांजवळ असताना एकदम उजेड किंवा आवाज झाला असता तर काय झालं असतं सांगता येत नाही. म्हणजे मी उठले नाही ते बरं झालं, की नशिबानं निभावलं? तेव्हापासून हा प्रश्न माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

"काकूंना सांगायचं नाही," हे म्हणाले. "घाबरतील."

"आणि नानांना?"

ह्यांनी उत्तर द्यायच्या आतच नाना किटली घेऊन आले. नेहमीच्या वेळेला, नेहमीच्या चालीनं.

"मग? थोबाड आलं का?"

मी त्यांना घाईघाईनं ओसरीवर बसवलं, चहा ठेवला. हे लॅपटॉप घेऊन आले. उजेड व्हायच्या आधीचे आणि धक्क्याच्या आधीचे फोटो चांगले निघाले होते. ते रचल्यावर काळ्या ढगाला खरोखरच जबडा आला होता, लांबट, किंचित खाली झुकलेला. नानांनी पडद्यावर बोट ठेवलं आणि नाकपुडी असते तिथपर्यंत हळू फिरवलं.

"घोडी हाय ही," ते म्हणाले. "पानी पितीया."

हे हसले नाहीत. नानांनी ह्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग लॅपटॉप बाजूला ठेवून उठले आणि चाळीमागे चालायला लागले. मी "नाना, चहा" म्हणाले, पण ते थांबले नाहीत. आम्ही मागोमाग गेलो. ते घमेल्यापाशी उभे होते. त्यांनी ते पायानं नाही, वाकून दोन्ही हातांनी उचललं, बघितलं आणि परत जसंच्या तसं ठेवलं. मग ती रांग उसापासून उसापर्यंत नजरेनं वाचली. पोतं अजून तिथेच पडलेलं होतं.

"ह्येच्या पायानं बी तारं हाललं का?"

"हो," हे म्हणाले.

"आन माझ्या?"

"आलात तेव्हाच. नंतर नाही. तुम्ही अजिबात हलला नाहीत, नाना."

नानांनी मान डोलावली. आम्ही ओसरीवर परत आलो. मी त्यांच्या हातात चहाची कपबशी दिली आणि ती वाजायला लागली. आधी बारीक, मग मोठ्यानं. चहा हिंदकळून बशीत आला, बशीतून धोतरावर. नाना दुसऱ्या हातानं ती धरायला गेले, तर तोही हात तसाच थरथरत होता. ते आपल्याच हातांकडे बघत राहिले.

हे पुढे आले, कपबशी काढून खाली ठेवली आणि नानांचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. हातांची थरथर थांबेपर्यंत त्यांनी ते सोडले नाहीत, आणि ती थांबायला बराच वेळ लागला.